जहाजावरची जागा

समुद्रविज्ञानाची पदव्युत्तर पदवी मिळवायची तर काय करावे लागते, हे कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत वाचायला मिळते. समुद्राचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भूशास्त्र या चारही अंगांचे निदान प्राथमिक ज्ञान, त्यांपैकी एका अंगाचा खोल अभ्यास, एक सर्वंकष परीक्षा आणि अखेरीस प्रबंध. जुन्या काळी अमेरिकेत डॉक्टरेटसाठी जर्मन आणि फ्रेंच वाचता येते की नाही, हेही तपासत. या यादीत एक अट मात्र बराच काळ छापलेली नव्हती, आणि पुष्कळांना तीच सर्वांत जड गेली. समुद्राचा अभ्यास करायचा तर समुद्रावर जायला मिळाले पाहिजे, म्हणजे जहाजावर जागा मिळाली पाहिजे. या न लिहिलेल्या अटीचा इतिहास आम्हाला येथे थोडक्यात सांगायचा आहे. तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुरू होतो आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या एका मुलीपर्यंत येतो.

सॅन डिएगोजवळ ला होया येथे १९०३ साली सागरी जीवशास्त्राचे एक लहान केंद्र सुरू झाले. १९१२ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचा भाग झाले आणि १९२५ मध्ये त्याचे ‘स्क्रिप्स इन्स्टिट्यूशन ऑफ ओशनोग्राफी’ असे नामांतर झाले. नाव बदलणे सोपे असते. पण महासागरविज्ञान नावाचा एक स्वतंत्र विषय आहे, त्यात पदवी देता येते, आणि ती देण्यासाठी विद्यार्थ्याला अमुक अमुक आले पाहिजे, हे ठरवायला कोणाकडेच नमुना नव्हता. त्या वेळचे संचालक टी. वेलँड व्हॉन हे स्वतः भूशास्त्रज्ञ. प्रवाळ हा त्यांचा विषय. त्यांना समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास करणारा विद्यार्थी हवा होता. तो १९३१ साली रॉजर रेव्हेल यांच्या रूपाने मिळाला.

रेव्हेल यांच्या प्रबंधाची कथा मोठी मासलेवाईक आहे. ‘कार्नेगी’ नावाचे एक लाकडी जहाज पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजमापासाठी मुद्दाम लोखंड टाळून बांधलेले होते. १९२८ मध्ये ते आपल्या सातव्या सफरीवर निघाले आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये सामोआ बेटांतल्या आपिया बंदरात पेट्रोल भरताना स्फोट होऊन जळून गेले. त्या सफरीत पॅसिफिकच्या तळातून काढलेले चिखलाचे नमुने मात्र वाचले होते. हे नमुने रेव्हेल यांच्या हाती आले. ज्या जहाजावर ते कधी चढले नाहीत, जे त्यांच्या प्रबंधाआधीच राख झाले होते, त्याच्या चिखलावर १९३६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. समुद्रविज्ञानातली एक मान्यवर पदवी जहाजावर न जमवलेल्या सामग्रीवर मिळू शकते, हे या उदाहरणातून दिसते. हा मुद्दा आम्हाला पुढे लागणार आहे.

१९३६ मध्येच नॉर्वेहून हाराल्ड स्वेर्ड्रुप संचालक म्हणून आले. समुद्रावरच्या दिवसांच्या बाबतीत त्यांच्याशी बरोबरी करणारा माणूस त्या काळी शोधावा लागला असता. आमुन्सेनच्या ‘माऊड’ जहाजाच्या सफरीचे वैज्ञानिक नेतृत्व त्यांनी केले होते. ती सफर १९१८ ते १९२५ अशी सात वर्षे सायबेरियाच्या उत्तरेकडील बर्फात अडकत, सुटत चालली होती. त्यात काही महिने ते चुकची जमातीच्या रेनडिअरपालकांबरोबर राहिले आणि त्या लोकांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. अशा माणसाने ला होयात येऊन पाहिले तर तिथे समुद्र खिडकीत होता आणि शास्त्रज्ञ टेबलाशी. त्यातच संस्थेची जी एक नौका होती ती त्यांच्या आगमनानंतर काही महिन्यांतच धक्क्याशी स्फोट होऊन बुडाली. मग एका चित्रपटनटाची शिडाची विहारनौका घेऊन तिचे १९३७ साली ‘ई. डब्ल्यू. स्क्रिप्स’ नावाच्या संशोधननौकेत रूपांतर करण्यात आले.

स्वेर्ड्रुप यांनी पदवीला शिस्त लावली. चार अंगे, चार अभ्यासक्रम, आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही प्रवाहांचे गणित चुकणार नाही अशी व्यवस्था. या शिकवण्यातून आणि टिपणांतून मार्टिन जॉन्सन व रिचर्ड फ्लेमिंग यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘द ओशन्स’ हा हजारांवर पानांचा ग्रंथ १९४२ मध्ये निघाला. शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून युद्धकाळात त्याच्या अमेरिकेबाहेरील विक्रीवर बंधन होते. पाठ्यपुस्तकाला असा मान क्वचितच मिळतो. आज जगात कुठेही समुद्रविज्ञानाच्या विद्यार्थ्याला चारही विषय का शिकावे लागतात, याचे मूळ बऱ्याच अंशी या ग्रंथाच्या रचनेत आहे.

या काळातला एक किस्सा येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हिएन्नात जन्मलेला वॉल्टर मुंक नावाचा तरुण १९३९ च्या उन्हाळ्यात स्क्रिप्समध्ये काम मागायला आला. ला होयात येण्याचे खरे कारण एक मुलगी होती, हे त्यांनी पुढे स्वतःच अनेकदा हसत सांगितले. त्यांना पुढे शिकायचे आहे म्हटल्यावर स्वेर्ड्रुप यांनी त्यांना बजावले, की येत्या दहा वर्षांत महासागरविज्ञानात एकही नोकरी निघेल असे मला दिसत नाही. मुंक तरीही राहिले. नंतर युद्ध आले, आणि सैन्य उतरवायच्या दिवशी किनाऱ्यावर लाटा किती उंच असतील हे आधी सांगता येईल का, असा प्रश्न लष्कराने विचारला. स्वेर्ड्रुप आणि मुंक यांनी त्याची पद्धत बसवली. नॉर्मंडीच्या चढाईत तिचा उपयोग झाला. मुंक यांनी आपला प्रबंध मात्र युद्धानंतर जेमतेम तीन आठवड्यांत लिहिला आणि १९४७ मध्ये पदवी घेतली. स्क्रिप्समधला तो सर्वांत छोटा प्रबंध असल्याचे ते सांगत. तेव्हा प्रबंधाची जाडी आणि शास्त्रज्ञाची उंची यांचा संबंध जोडू पाहणाऱ्यांनी मुंक यांची आठवण ठेवावी. असो.

आता दुसरी बाजू. रेव्हेल यांच्या दोन वर्षे आधी, १९३४ मध्ये, याच संस्थेत ईस्टर एलन कप या बाईंनी डॉक्टरेट मिळवली. महासागरविज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचा विषय करंडक वनस्पती, म्हणजे डायटम. काचेच्या डबीसारखे कवच असलेल्या या एकपेशीय वनस्पती समुद्राच्या अन्नसाखळीच्या तळाशी असतात. मासे आणि देवमासे अखेर यांच्याच जिवावर जगतात. कप यांचे मार्गदर्शक डब्ल्यू. ई. ॲलन यांनी संस्थेच्या धक्क्यावरून रोजच्या रोज पाणी काढून त्यातले डायटम मोजण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले होते. धक्का १९१६ चा; जमिनीला जोडलेला. तिथे बाईने जायला कोणाची हरकत नव्हती. जहाजावरून आलेल्या बाटल्याही प्रयोगशाळेत पोचत होत्या. बाटली समुद्रात सोडायला मात्र पुरुषच जात.

कप यांची पदवी पुरी होती. परीक्षा, प्रबंध, काहीच उणे नव्हते. नोकरी मात्र टिकली नाही. १९४० च्या सुमारास त्यांना संस्था सोडावी लागली आणि पुढचे आयुष्य त्यांनी सॅन डिएगोत शाळेत शिकवण्यात घालवले. त्यांचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील डायटमविषयीचा ग्रंथ त्यानंतर, १९४३ मध्ये, प्रसिद्ध झाला. तो पुढे कित्येक दशके त्या किनाऱ्यावर काम करणाऱ्यांच्या टेबलावर राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा जीव कोणता हे ठरवायचे तर कप यांच्या आकृत्या उघडायच्या, असा प्रघात पडला.

रेव्हेल यांचा प्रबंध दुसऱ्यांनी जमवलेल्या चिखलावर होता आणि कप यांचा पाण्याच्या बाटल्यांवर. मग फरक कुठे पडला? आमच्या मते तो प्रबंधाच्या पलीकडे पडला. रेव्हेल पुढे जहाजावर जाऊ शकत होते, सफरीचे नेतृत्व करू शकत होते, आणि संस्थेचे संचालकही झाले. कप यांच्यापुढे ती वाट नव्हती. दीर्घ सफरींचे दिवस येऊ लागले तसतशी ही उणीव अधिक बोचू लागली असणार. पदवी कागदावर एकच होती, पण तिच्या पोटात दोन पदव्या होत्या.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वूड्स होल येथेही हेच चाललेले होते. मेरी सिअर्स यांनी १९३३ मध्ये रॅडक्लिफमधून डॉक्टरेट घेतली. हार्वर्ड तेव्हा स्त्रियांना आपल्या नावाने पदवी देत नसे, म्हणून रॅडक्लिफ. प्लवकांच्या त्या जाणकार होत्या, पण संस्थेच्या ‘अटलांटिस’ जहाजावर त्यांना जाता येत नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला समुद्राची माहिती पुरवणाऱ्या विभागाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. म्हणजे ज्या समुद्रावर त्यांना जाऊ दिले जात नव्हते, त्यावर आरमाराने कसे जावे हे त्या सांगत होत्या. ‘डीप-सी रिसर्च’ या नियतकालिकाच्या त्या संस्थापक-संपादकांपैकी एक, आणि १९५९ साली न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महासागरविज्ञान परिषदेच्या अध्यक्षही. २००० साली अमेरिकी नौदलाने एका सर्वेक्षण जहाजाला त्यांचे नाव दिले.

कारण काय सांगत? जहाजावर बायकांची सोय नाही. सोय म्हणजे न्हाणीघर आणि झोपायची खोली. एवढ्याने एका विद्येची अर्धी दारे बंद राहिली होती. बाई जहाजावर असली की अपशकुन, ही खलाशांची समजूतही मदतीला होतीच. १९५६ मध्ये वूड्स होलच्या ‘कॅरिन’ या नौकेवर एक विद्यार्थिनी चक्क लपून चढली. पकडली गेली आणि तिची शिष्यवृत्ती गेली. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याच संस्थेत एलिझाबेथ बन्स या भूभौतिकीच्या जाणकार बाई एका सफरीच्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. मरी थार्प यांची कथा तर आता सर्वश्रुत आहे. अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेतली खचदरी त्यांनी १९५२ च्या सुमारास पुरुष सहकाऱ्यांनी आणलेल्या खोलीच्या आकड्यांतून कागदावर शोधली आणि पहिल्यांदा संशोधन-सफरीवर त्या गेल्या १९६८ साली.

आपल्याकडे या विद्येने पाऊल टाकले तेही स्क्रिप्सच्याच वाटेने. स्क्रिप्समध्ये काम केलेले युजीन लाफाँड १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५५-५६ मध्ये वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात शिकवायला आले. त्यांनी विद्यार्थ्यांना नौदलाच्या जहाजांवरून बंगालच्या उपसागरात नेले आणि मोजमापे घ्यायला शिकवले. मग आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आली. १९५९ ते १९६५ या वर्षांत अनेक देशांची मिळून सुमारे चाळीस जहाजे या दुर्लक्षित महासागरात फिरली. भारताकडून ‘आयएनएस किस्तना’ या युद्धनौकेला संशोधनाचे रूप देण्यात आले. मोहीम संपता संपता, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने गोव्यात दोना पावला येथे मूळ धरले. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक.

महाराष्ट्राला एवढा लांब किनारा असून मराठी शिक्षित वर्गाचे समुद्राशी नाते बहुतांशी सहलीचे आणि ताटातल्या माशाचे राहिले, हे कटू असले तरी खरे आहे. ज्यांचे नाते खरे होते त्या कोळी समाजातही जुनी वाटणी ठरलेली: होडीवर पुरुष, बाजारात बायका. टोपलीतला मासा कुठल्या पाण्यातला आणि कधीचा, हे कोळीणबाई अचूक ओळखतील, पण त्यांचा समुद्र बंदरावर संपतो. एक संशोधक मराठी स्त्री ज्या घरातून समुद्राकडे गेली, ते घर तर घाटमाथ्यावरच्या दुष्काळी माणदेशाच्या सीमेवरचे, औंध संस्थानाचे.

अदिती पंत यांचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. वडील अप्पासाहेब पंत हे औंधच्या राजांचे पुत्र आणि पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत. आई नलिनी या शल्यचिकित्सक. पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांना एका पुस्तकाने दिले. कुटुंबाच्या एका स्नेह्यांनी दिलेले ते पुस्तक म्हणजे ॲलिस्टर हार्डी यांचे ‘द ओपन सी’. त्याचा पहिला खंड १९५६ चा, सगळा प्लवकांवर. हार्डी हे प्राणिशास्त्रज्ञ, आणि हाडाचे चित्रकार. जाळ्यातून नुकत्याच वर आलेल्या, अजून जिवंत असलेल्या पारदर्शक जिवांची त्यांनी स्वतः काढलेली रंगीत चित्रे त्या पुस्तकात आहेत. जीव मेला की रंग जातात, म्हणून जहाज हलत असतानाच ती रंगवावी लागत. पुस्तक वाचून माणूस विषय निवडतो, हे हल्ली कोणाला भाबडेपणाचे वाटेल. पण ज्या गावात समुद्र नाही तिथे तो पुस्तकातूनच येणार.

अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या हवाई विद्यापीठात समुद्रविज्ञानाच्या एम.एस. साठी दाखल झाल्या. हवाई ही जागा या अभ्यासाला मोठी सोयीची. ज्वालामुखीची बेटे असल्यामुळे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर हजारो मीटर खोल पाणी मिळते. आणि उष्ण कटिबंधातले ऊन तर बारा महिने. त्यांच्या प्रबंधाचा विषय याच उन्हाशी निगडित होता: प्लवकांच्या समूहातले प्रकाशसंश्लेषण.

हा विषय वरवर शालेय वाटतो. ऊन जास्त तर वाढ जास्त, असे कोणीही म्हणेल. समुद्रात तसे होत नाही. उष्ण प्रदेशात भर दुपारी अगदी पृष्ठभागावरचा प्रकाश वनस्पतिप्लवकांना सोसत नाही, तिथे प्रकाशसंश्लेषण मंदावते, आणि ते सर्वाधिक होते ते काही मीटर खाली. किती होते हे मोजण्याची नाजूक पद्धत डेन्मार्कच्या स्टीमन नील्सन यांनी १९५२ मध्ये मांडली होती. समुद्राच्या पाण्याच्या बाटलीत किरणोत्सारी कार्बनचा अंश टाकायचा, ती काही तास उजेडात ठेवायची, मग पाणी गाळून गाळणीवर अडकलेल्या पेशींत किती कार्बन गेला ते मोजायचे. येथेच खरी गोम आहे. पेशीने घेतलेला सगळा कार्बन पेशीत राहत नाही. त्यातला काही भाग ती विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या रूपाने बाहेर सोडते आणि आजूबाजूचे जिवाणू तो खाऊन टाकतात. म्हणजे गाळणीवर जे मोजले ते पिकाचे माप खरे, पण शेताच्या बांधावरून कोणी किती नेले त्याचा हिशेब त्यात नाही. अदिती पंत यांनी हात घातला तो या हिशेबाला. एकपेशीय शैवाल आणि त्याच्या सोबतचे जिवाणू यांच्यातल्या कार्बनच्या देवघेवीला. समूहात डझनावारी जाती असल्या की हे सुटे करता येत नाही, म्हणून एक शैवाल आणि एक जिवाणू अशी जोडी घेऊन पाहणे हा त्यातला शहाणपणाचा मार्ग होता.

पुढे त्या लंडन विद्यापीठाच्या वेस्टफील्ड कॉलेजात गेल्या आणि सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर पीएच.डी. केली. वेस्टफील्ड हे १८८२ साली स्त्रियांसाठी स्थापन झालेले कॉलेज. तिथे पुरुषांना पदवीसाठी प्रवेश मिळाला तो १९६४ मध्ये! ज्या विद्येत बायकांना आत येऊ देण्याची भांडणे चालली होती, तिच्यातला एक प्रबंध जिथे पुरुषच नवखे होते अशा ठिकाणी लिहिला गेला, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो.

लंडनमध्ये राहणे किंवा अमेरिकेला परतणे त्यांना शक्य होते. पणिक्कर यांच्या भेटीनंतर त्यांनी गोव्याची वाट धरली आणि १९७३ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम सुरू केले. पहिली काही वर्षे वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंत आणि पुढे मन्नारच्या आखातापर्यंत किनाऱ्याची पाहणी करण्यात गेली. संस्थेला ‘गवेषणी’ हे स्वतःचे संशोधन जहाज मिळाले ते १९७६ मध्ये. त्याआधी संस्था होती, पदवीधर होते, समुद्र होता. नव्हते ते जहाज. या बाबतीत १९३६ चे ला होया आणि १९७३ चे दोना पावला यांत फारसे अंतर नव्हते.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे पोचली. पहिल्या दोन मोहिमांत एकही स्त्री नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये ‘फिनपोलारिस’ या जहाजातून निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोघी होत्या: कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातून आलेल्या भूशास्त्रज्ञ आणि गिर्यारोहक सुदीप्ता सेनगुप्ता, आणि अदिती पंत. याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले स्थानक बर्फावर उभे राहिले. सेनगुप्ता खडकांकडे वळल्या. पंत यांनी दक्षिण महासागराचे पाणी, त्यातले क्षार, प्लवक आणि क्रिल यांच्या अन्नसाखळीकडे लक्ष दिले. हार्डी यांनी १९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून याच दक्षिणेच्या पाण्यात देवमाशांच्या अन्नाचा, म्हणजे क्रिलचा आणि प्लवकांचा अभ्यास केला होता, आणि सतत प्लवक गोळा करणारे आपले प्रसिद्ध यंत्रही त्याच सफरीसाठी बनवले होते. ‘द ओपन सी’च्या वाचक त्यांच्यामागून जवळजवळ साठ वर्षांनी तिथे पोचल्या.

पाचव्या मोहिमेवरही पंत गेल्या. नंतर १९९० मध्ये त्या पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या, आणि खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या, मिठाशिवाय न जगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या विकरांवर काम करू लागल्या. समुद्र तेथून दीडशे किलोमीटरांवर. मीठ मात्र प्रयोगशाळेत लागेल तेवढे मिळत होते.